मुखवट्यासमोर वाचलेली नावं

३ मार्च

झालं एकदाचं! आमच्या घराण्याच्या मुखवट्याची नोंद ब्लॉकचेनवर चढली. तिकडे संग्रहालयात संग्रहपाल बाईंनी मुखवटा यंत्रासमोर फिरवून स्कॅन घेतला, इकडे मी त्याचा डिजिटल ठसा नोंदवला. आता आमच्या सगळ्या घरांच्या मोबाईलमध्ये त्याची प्रत आहे. कुणाच्या बापाला खोडता येणार नाही – मलासुद्धा नाही. आजोबांच्या काळात उचलून नेलेली वस्तू, आणि खाली पाटी ‘देणगी’! लाज कशी वाटत नाही?

तो परत मागायचा तर नियमाप्रमाणे दावेदारांची नावं मुखवट्यासमोर वाचायची होती. व्हिडिओ कॉलवर मीच वाचली, खणखणीत आवाजात. शेवटी लेकीचं. मुलांची नावं घालायलाच हवी होती असं नाही, पण म्हटलं असू दे. वाचताना ऊर भरून आला.

४ मार्च

आत्याला फोटो दाखवला. मुखवटा डोळ्यांनी पाहिलेली घरात ती एकटीच उरली आहे. लसूण सोलता सोलता बघितला. म्हणाली, “तोंड मिटलंय. बरंय.” मग, “त्याच्यासमोर काय वाचलंस म्हणालीस?”

नावं, म्हटलं. तिचे हात थांबले.

“तिथे नाव घेत नाहीत गं. तो असायचा त्या खोलीत आम्ही सगळे नुसते ताई, दादा, माई. माझी आई मला ‘ए पोरी’ म्हणायची.”

“मग आधी सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का?”

नाही विचारलं. मी स्वतःला फार शहाणी समजते.

११ मार्च

पाठवण्याआधीचा दुसरा स्कॅन आला. जुळत नाही! नोंदीतला ठसा वेगळा, आजचा वेगळा. म्हणजे ही ती वस्तूच नव्हे, असा निकाल. दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवून पाहिले. कपाळ, गाल, कान – केसभरही फरक नाही. फक्त ओठ. पहिल्यात मिटलेले, आज किंचित उघडे.

संग्रहपाल बाई म्हणतात, “लाकूड आहे हो, हवा बदलली की तडकतं.” तडकलं असेलही. पण आत दात दिसतायत.

१२ मार्च

लेक अभ्यास सोडून स्वयंपाकघराच्या दारात आली. “काय गं?”

“काय काय?” मी विचारलं.

“हाक मारलीस ना.”

मी नव्हती मारली.

१५ मार्च

रोज चाललंय. आज चिडलीच – “काही काम नसतं तर मारतेस कशाला हाक!” मी तिच्यासमोर भाजी चिरत उभी होते. माझं तोंड तिला दिसत होतं. ते दिसूनही तिला माझाच आवाज ऐकू आला. मी सुरी खाली ठेवली.

आत्याने तिला जवळ ओढलं. “ओ द्यायची नाही. आईने हाताला धरून बोलावलं तरच जायचं. कळलं?”

पोर हसायला लागली. तिला वाटलं, खेळ आहे.

ती गेल्यावर मी आत्याला खोदून विचारलं. म्हणाली, मुखवट्याला नाव कळलं की तो बोलावतो; शेवटी ऐकलेलं नाव धरून ठेवतो. ओ मिळेपर्यंत बोलावत राहतो. ओ मिळाली की तोंड मिटतो.

“आणि जो ओ देतो त्याचं?”

“माझ्या धाकट्या भावाने दिली होती.”

आत्याला धाकटा भाऊ होता हे मला आज कळतंय!

“मग?”

“मग काय. घरातच होता. जेवायचा, झोपायचा. पण तो नव्हता.” आणि टॉवेलच्या घड्या घालत बसली.

१६ मार्च

नोंदीतून लेकीचं नाव काढायला बसले. निघत नाही. ‘हे नाव मागे घेत आहे’ अशी नवी नोंद केली, तर ती जुनीच्या पुढे जोडली गेली. म्हणजे आता तिचं नाव दोनदा झालं! इथे काही पुसता येत नाही म्हणून मीच सगळ्यांना टेचात सांगत फिरत होते. भोगा.

२२ मार्च

तिसरा स्कॅन. तोंड आणखी उघडलंय. संग्रहालयाचं पत्र – ठसा जुळल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. पण संग्रहपाल बाई फोनवर आवाज खाली आणून म्हणाल्या, “काहीतरी करून न्या हो लवकर. मी आता त्या कपाटाकडे पाठ करून बसत नाही.”

एकच वाट आहे. सगळ्या घरांनी आपापल्या डिजिटल चावीने सही करायची, की बदलला असला तरी तो आमचाच. आत्यानेही धोशा लावलाय – “आण त्याला घरी. समोर उभं राहिल्याशिवाय काही करता यायचं नाही.” दिवसभर फोन फिरवले. कुणी चावी हरवलेली, कुणी भांडून बसलेला. पाया पडले एकेकाच्या. सह्या झाल्या.

५ एप्रिल

आला! लेकीला मैत्रिणीकडे पाठवलं. खोका उघडताना मी डोळे मिटून घेतले, खोटं कशाला सांगू. आत्याने मला खोलीबाहेर काढलं. दाराला कान लावून उभी राहिले. ती लेकीचं नाव घेऊन म्हणाली, “ओ. मीच ती. इथेच आहे.”

बाहेर आली तेव्हा हात गार, पण चेहरा हसरा. आत मुखवट्याचे ओठ मिटलेले. लगेच स्कॅन घेतला – पहिल्या नोंदीशी तंतोतंत जुळला!

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तुझं आता काय होणार, विचारलं.

“या वयात माझं काय व्हायचं राहिलंय?” म्हणाली. चहा मागितला, साखर जास्त घालून.

७ एप्रिल

दोन दिवस लेकीला एकही हाक ऐकू आली नाही. छान जेवते, खिदळते. आज किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

८ एप्रिल

शाळेला उशीर होत होता. लेकीला हाक मारली. समोरच बुटाची नाडी बांधत होती, मान वर केली नाही. पुन्हा मारली. तिने इकडेतिकडे पाहिलं. “आई, कुणाला बोलावतेस?”

आतल्या खोलीतून आत्या म्हणाली, “आले गं आई! वेणी तेवढी घालून दे.”