गड्डा येईपर्यंत

८ जुलै २०२५, मंगळवार
माफी असावी. ही वही प्रिस्किलाने जानेवारीत दिली, रोज लिहा बाबा म्हणाली, आणि आज जुलै. फार उशीर झाला. कारणं आहेत. आधी चष्मा सापडत नव्हता. चष्मा सापडला तर पेन चालेना. मग लग्नसराई. आता रोज लिहीन. मी सहावी पास, पण शिक्षण खात्यात तीस वर्षं काढली आहेत. (आश्रमशाळेत कामाठी होतो. खातं तेच.) घरात आम्ही कोकणी बोलतो (आमची आदिवासी, गोव्याची नव्हे), पण वहीत मराठीच बरी. वही म्हणजे ऑफिस.

९ जुलै
विशेष काही नाही. तरोट्याची भाजी.

२६ ऑगस्ट
उशिराबद्दल पुन्हा माफी. पाऊस होता. पाऊसभर तरोटा, कुर्डू, बांबूचे कोंब. ही रानात जाते आणि पदर भरून आणते. चवीला चांगल्या, पण आपोआप उगवतात. त्यात माणसाचं कर्तृत्व काय?
आज प्रिस्किलाचं पार्सल आलं. जावई फौजेत, सध्या जम्मूला क्वार्टर. मला लोकरीची टोपी, हिला शाल आणि एक बियांचं पाकीट. पाकिटावर हिरव्या पानांचा गोल, फुगीर फोटो. खाली इंग्रजी. फोनवर पोरगी म्हणाली, काश्मिरी लोक याला हाक म्हणतात, रोज भाताबरोबर खातात, इंग्रजीत कोलार्ड. पुढचं ऐकता आलं नाही. हिने फोन ओढला आणि मायलेकी अर्धा तास बोलत बसल्या. बायकांचं बोलणं. मी लक्ष दिलं नाही.

२८ ऑगस्ट, बाजारचा दिवस
नवापूरला उत्तमचंद शेठच्या बियाण्याच्या दुकानात पाकीट दाखवलं. त्याने चष्मा न लावताच सांगितलं, बाबा, हाई कोबीनी भावकीमधलं शे. म्हणजे कोबी. बाहेरचा, भारी कोबी. फोटो बघून मी तेच म्हणत होतो.
आता मनातलं लिहितो. जानेवारीत चर्चमध्ये कापणीचा सण असतो. प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं, चांगलं पीक देवापुढे ठेवतं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. गेल्या सणाला मी गावातलं सगळ्यात मोठं डांगर, म्हणजे लाल भोपळा, नेलं. सुरुपसिंग पंच लिलाव पुकारतो. त्याने ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, आणि बुडातल्या भोकातून उंदीर निघून त्याच्या सदऱ्यात शिरला. तेव्हापासून मी उंदीरबाबा. योहान हे माझं नाव पाळकसाहेब सोडून कोणाला आठवत नाही. बारकी पोरंसुद्धा म्हणतात, उंदीरबाबा, जय येशू.
या सणाला असा गड्डा नेईन की गावाला माझं नाव तोंडपाठ होईल.

२२ सप्टेंबर, सकाळ
पेरणी केली. दोरी लावून लाइन मारली. बी बोटभर खोल. ही म्हणाली, एवढं खोल नको, एवढं खतही नको. खत दुप्पट घातलं. तिने न्हाणीच्या पाण्यावर मेथी आणि पोकळा नुसता मुठीने फेकला. ना दोरी, ना लाइन. उगवेल तेव्हा कळेल.

२६ सप्टेंबर
तिची मेथी उगवली. घाईचं काम.

११ ऑक्टोबर
माझी एकवीस रोपं वर आली. बाकीची जमिनीत विचार करत असावीत.

२ नोव्हेंबर, रविवार
रोपं वीतभर. चर्च सुटल्यावर सुरुपसिंगला सांगून टाकलं की सणाला दोन किलोचा गड्डा आणतो. तो म्हणाला, उंदीरबाबा, मी मच्छरदाणी नेसून येतो. सगळे हसले. हसू द्या.
वाफ्यावर जुनी चप्पल टांगली. आम्ही नजरबिजर मानत नाही. पाळकसाहेबांनी विचारलं तर पाखरांसाठी आहे म्हणून सांगेन.

९ नोव्हेंबर
पाळकसाहेबांनी विचारलं. पाखरांसाठी आहे म्हणालो. म्हणाले, पाखरं चप्पल घालतात का?

२१ नोव्हेंबर
पानांवर मावा. औषधाचा विचार करत तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी मावा नाही. हिने चुलीची राख मारली होती. मी तेच करणार होतो.
प्रिस्किलाचा फोन नाही. मला काळजी वगैरे नाही. नुसती नोंद.

५ डिसेंबर
गंभीर बाब. खालची पानं कमी होताहेत. दर रोपाची दोन-तीन. साफ खुडलेली. शेळी असती तर ओरबाडलं असतं. शेजारच्या वाहरूवर संशय. त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, उंदीरबाबा, आधी स्वतःच्या घरात बघ, उंदीर पाळायची सवय तुला आहे. आणि हसला. गुन्हेगार हसतात.
उद्यापासून दुपारची झोप बंद. वाफ्याशेजारी खाट टाकून पहारा.
जेवणात हिची कसलीशी नवी भाजी. जाड पान, लसूण, सुकी मिरची, किंचित गोडसर. नागलीच्या तीन भाकरी झाल्या. पोकळाच असेल, थंडीने सुधारलेला.

६ डिसेंबर
पहारा दिला. खाटेवर ऊन फार छान येतं. उठलो तर चार वाजले होते. आणखी पानं गेली होती. चोर हुशार आहे.

१२ डिसेंबर
गड्डा धरत नाही. रोपं नुसती उंच होताहेत आणि पानं पसरताहेत, जणू सगळ्यांशी ओळख करून घ्यायची आहे. माझं मत असं की शिस्त नाही. आश्रमशाळेत तीनशे पोरं रांगेत बसायला शिकली, पानं का नाही शिकणार? सुतळीने एकवीसही रोपांची वरची पानं गोळा करून घट्ट बांधली.
ही बांधावर उभी राहून काहीतरी सांगत होती, प्रिस्किला असं म्हणाली, तसं म्हणाली. मी विचारलं, शिक्षण खात्यात कोण होतं? मग ती घरात गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. वय झालं तिचं.

२५ डिसेंबर
नाताळ. प्रिस्किलाचा फोन. सणाला येणार होती, पण जावयाची सुट्टी रद्द. मी म्हटलं, हरकत नाही, ड्यूटी महत्त्वाची. मग चष्मा पुसावा लागला. चुलीचा धूर असावा. तिने विचारलं, बाबा, हाक कशी आली? मी म्हटलं, गड्डा मुठीएवढा झाला. मूठ कोणाची ते सांगितलं नाही. पुढे ती काही बोलणार तोच हिने फोन घेतला.
भाजी तीच. तीन भाकरी. कोबीची चव याच्याही वरची असणार.

१७ जानेवारी २०२६, शनिवार
उद्या सण. सगळ्यात फुगलेलं रोप निवडून कापलं. सुतळी बदलली, हिरवी लावली म्हणजे दिसणार नाही. दाबून बघितलं. घट्ट आहे. थोडं आतून मऊ लागतं, पण मोठी माणसंही आतून मऊच असतात. गड्डा नव्या टॉवेलात गुंडाळला.


१८ जानेवारी, रविवार
लिहायची इच्छा नाही, पण रोज लिहायचं ठरलं आहे.
ही फडकं घातलेली टोपली घेऊन आधीच गेली होती. मेथी असेल असं समजून मी विचारलं नाही. लिलावात माझी पाळी आली. सुरुपसिंगने गड्डा डोक्यावर धरला नाही. हात लांब करून धरला आणि म्हणाला, आधी विचारा, आत कोण आहे? माणसं हसली. मग त्याला सुतळीचं टोक दिसलं. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने ओढलं.
छत्रीसारखं उघडलं. आत पिवळी पानं. त्यांच्या आत आणखी पिवळी पानं. त्यांच्या आत गोगलगाय.
वाहरू मागून ओरडला, उंदीर रजेवर आहे का?
मी टॉवेल घडी करत बसलो. बराच मोठा टॉवेल आहे.
मग हिच्या टोपलीवरचं फडकं निघालं. आत जुड्या होत्या. पंचवीस-तीस, केळीच्या सोपाने बांधलेल्या, पानं जाड, गडद हिरवी. माझीच पानं. मी प्रत्येक पान ओळखतो. सुरुपसिंगने चिठ्ठी वाचली: योहान आणि हिरीबाई यांच्या वाफ्यातली हाक भाजी. पहिली बोली वाहरूची. म्हणाला, हिरीवहिनी महिनाभर वाटीभर पाठवते, पोरांना आता सवय लागली. मग बायका पुढे सरकल्या. टोपली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. सुरुपसिंग म्हणाला, आजच्या दिवसात एवढी ओढाताण दुसऱ्या कशाला झाली नाही.
घरी येताना ती म्हणाली, पहिल्या दिवशीच पोरीने सांगितलं, याला गड्डा येत नाही, खालून खुडत जायचं, वरून नवी पानं फुटतात. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, तीनदा सांगितलं. तूच विचारलंस, शिक्षण खात्यात कोण होतं?
म्हणजे दीड महिना मी दुपारी ज्याचा पहारा केला तेच रोज जेवलो. आणि वाहरू निर्दोष नाहीच. खात होताच.

२२ फेब्रुवारी, रविवार
उशीर झाला, माफी. ऊन वाढलं. मेथी संपली, पोकळा निबर झाला. आता ही अंबाडी लावेल. हाकची वीस रोपं, पैकी एकोणीस तिच्या ताब्यात. एकदोनांना फुलं आली आहेत, बी धरू देणार म्हणते. लोक बी मागून ठेवताहेत. तिच्याकडे.
उंदीरबाबा आता कोणी म्हणत नाही. माझं काम झालं असं म्हणता आलं असतं. पण सुतळीबाबा म्हणतात.
प्रिस्किला, फोन आईकडे असतो म्हणून इथे लिहितो. बाजारात कोणी भेटलं तर पान फाडून पाठवीन. तुझा तीन आठवडे फोन नाही. तिकडे सगळं बरं आहे ना ते कळव. पुढच्या सणाला तरी सुट्टी मिळेल का ते कळव, मी आत्तापासून खाटेची सुतळी बदलतो. आणि आणखी एक. विसावं रोप मी वाफ्याच्या कोपऱ्यात राखलं आहे. बांधून. एखाद्याला तरी येतच असेल ना गड्डा? भावकीत एखादा निघतो वेगळा. लवकर कळव. मात्र आईला विचारू नकोस.