जोडलेले हात

बॉन, १२ फेब्रुवारी २००६

ती. ऊर्मिलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत ठीक. टोपी घालते, बाबांना सांग.

तू कॉलेजात युरोपचं मध्ययुग शिकवलंस, म्हणून विचारते. पहिल्या दिवशी मी सवयीने माझ्या डॉक्टरेटच्या प्रोफेसरांना नमस्कार केला. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरले. म्हणाले, आता तू माझा माणूस. सगळे हसले. मला कळलं नाही.

आता काळजीचं. एका किल्ल्यातलं दगडी शिल्प मी ध्वनिलहरींनी तपासलं. सिंहासनावर राजा, समोर गुडघ्यावर सरदार, त्याचे हात राजाच्या हातांत. राजाचे हात मूळ दगडाचे नाहीत. नंतर कुणीतरी गिलाव्याने घडवलेत. प्रोफेसरांचं नवं पुस्तक याच हातांवर उभं आहे. ही मोजणी अहवालात नको, असं ते म्हणाले. माझं कंत्राट तेच वाढवतात, हेही म्हणाले.

उत्तराची वाट पाहते. लोभ आहेच.
ईप्सिता


सांगली, २४ फेब्रुवारी २००६

चि. ईप्सितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं: एक ओळ टोपी, बाकी दगड.

अगं, ती सरदाराची शपथ. जोडलेले हात राजाच्या हातांत दिले, की तो राजाचा माणूस. वर्गातली मुलं म्हणायची, मॅडम, हा तर मुजराच. मी म्हणायचे, नाही. इथे राजाही बांधला जातो. सरदाराने सेवा द्यायची, राजाने सांभाळायचं. राजाने शब्द मोडला तर सरदार मोकळा. मात्र तोंडावर सांगून जायचं. न सांगता गेला तर तो फितूर.

तुझे बाबा म्हणतात, गप्प राहा, डॉक्टरेट घे आणि ये. माझं मत लिहीत नाही. विचारून ऐकलंयस कधी?

जेवत जा, आणि आमच्यावरचा जीव पत्रात थोडा दिसू दे.
आत्या


बॉन, ८ मार्च २००६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शेजारच्या टेबलावरचा कपिल म्हणाला, ईमेल टाक आणि मोकळी हो. मी प्रोफेसरांसमोर गेले. सांगितलं, मोजणी अहवालात राहील. नसेल तर त्यावर माझं नाव नको आणि मीही तुमच्याकडे नको.

 ते म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. मोजणी काढली, माझं नावही. माझं कंत्राट आता एप्रिलपर्यंतच. व्हिसा त्यालाच बांधलेला आहे, आणि दुसरं काम अजून नाही. बाबांना तू सांग.

उठताना माझे हात सवयीने जुळू लागले. मी ते सोडवले आणि फक्त उजवा पुढे केला. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते. डावा त्यांनी मागे घेतला.

लोभ असावा, या वेळी जरा जास्त.
तुझी,
ईप्सिता