परसातली करवत

सौ. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा रक्तदाब, दोन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (हे वाक्य हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, पण आता खोडत नाही).

आपली लाकडाची गिरणी बंद झाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. वरच्या जंगलातून ओंडके यायचे थांबले, मग करवती थांबल्या आणि मग हळूहळू सगळा गावच थांबला. ट्रकवाले गेले, चहावाल्याने टपरी उचलली, आणि भुशावर पाणी तापवणारे आम्ही गार पाण्याने अंघोळ करायला शिकलो. करवतीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय मात्र कुणाची सुटत नाही. त्यामुळे शेजारचा मिस्त्री बायकोच्या कानात जे सांगतो ते आता अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. निरोप देताना मालकांनी प्रत्येकाला एकेक खुर्ची दिली. प्लास्टिकची. जन्मभर लाकूड कापलेल्या माणसांनी ती टाळ्या वाजवून घेतली, आणि घरी येऊन मी पोटभर रडलो.

खरी पंचाईत आप्पांची. त्यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या करवतींना धार लावण्यात गेलेलं. अंथरुणाला खिळल्यापासून सकाळी करवत ऐकू आल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत. गिरणी बंद पडल्याचं त्यांना सांगायची माझी छाती होईना. म्हणून मी रोज सकाळी डबा घेऊन निघतो, घराला वळसा घालून परसात येतो आणि हातकरवत चालवत बसतो. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा खपून जातं. कधी कधी आतून हिला सांगतात, धार गेलीय, पोराला सांग. मग मी मुकाट्याने धार लावतो.

अडचण एकच, कापायला लाकूड लागतं. आधी स्टूल गेलं, मग फडताळाच्या फळ्या, मग माझी खाट. तुझा पाळणाही गेला, ताई. रागावू नकोस, कापताना मला फार वाईट वाटलं. हल्ली ही स्वयंपाकघरातल्या टेबलाला टेकून बसते ती उठतच नाही. उरली ती प्लास्टिकची खुर्ची, पण तिला करवत लावली की उंदीर ओरडल्यासारखा आवाज येतो (लावून पाहिली).

बाकी सर्व ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : लांबच्या एका प्लायवुडच्या कारखान्यात मला काम मिळतंय. राहायला एका खोलीत सहा जण, म्हणजे आप्पांना नेता येणार नाही, आणि हिला एकटीला ते उचलवत नाहीत. तू त्यांना ठेवून घेशील का? पण तुझ्याकडे सकाळी करवत कोण चालवणार, या विचाराने हे पत्र माझ्या हातून सुटत नव्हतं.

आणखी एक ता. क. : पत्र टाकायला निघालो तेवढ्यात आप्पांनी हाक मारली. म्हणाले, "ताईला माझ्याबद्दलच लिहिलंस ना? जाईन मी तिच्याकडे. गिरणीची करवत कुठली आणि हातकरवत कुठली, एवढं मला कळत नाही होय? पण तुला रोज सकाळी कुठेतरी जायला हवं होतं, म्हणून गप्प बसलो."

मी विचारलं, मग धार गेलीय असं का सांगत होतात? तर म्हणाले, "ती खरंच गेली होती."