शहरात हलकी, घाटात जड

१६ जून, सोमवार. संध्याकाळी.
बायकोची, म्हणजे ज्ञानेश्वरीची, बदली झाली. पालीच्या पुढे डोंगरावर वरचीवाडी म्हणून आहे, तिथल्या शाळेत. एसटी खाली फाट्यापर्यंतच. वर नुसता चढ. अर्धा डांबरी, अर्धा लाल माती. आज पहिलाच दिवस म्हणून तिने स्कूटी नेली, तर मध्यावर रबर जळल्याचा वास. स्कूटी एका फणसाखाली लावून ती चालत वर गेली.
मी जेवताना जाहीर केलं: मोटरसायकल घ्यायची. रोज सकाळी मी हिला शाळेच्या दारात सोडणार आणि तसाच उलटा माझ्या पतसंस्थेत कामावर हजर.
म्हणाली, कुठली घ्यायची ती घ्या, पण लवकर घ्या. मग विचारते, गिअरची येते ना तुम्हाला?
मी हसलो. कॉलेजात असताना मामेभावाची गाडी मी देवरुखला नेली होती. (येताना त्याने चालवली. जाताना बराच वेळ मीच.)
आठ दिवस मागून घेतलेत. मोटरसायकल निवडणं म्हणजे अळू निवडणं नव्हे.

२२ जून, रविवार.
दिवसभर व्हिडिओ पाहिले. आपली गरज इतरांसारखी नाही, हे लक्षात आलं. शहरात मारुती मंदिर ते जयस्तंभ, रिक्षा, मासेवाल्यांचे टेम्पो, मधेच उभे राहून गप्पा मारणारे लोक. इथे गाडी हलकी पाहिजे. घाटात वारा, वळण, खडी. तिथे गाडी जड पाहिजे. म्हणजे शहरात हलकी आणि घाटात जड अशी एकच गाडी. कंपन्यांनी असा विचारच केलेला नाही. ज्ञानेश्वरीला सांगितलं. ती बुटांची लाल माती खरवडत होती. म्हणाली, मग मधली घ्या.
मी पुढचा व्हिडिओ लावला.

३० जून, सोमवार.
शोरूमला गेलो. सेल्समनचं नाव नितेश. मुलगा बरा आहे, पण पहिलाच प्रश्न, सर, मायलेज किती अपेक्षित आहे? मी म्हटलं, मायलेज नंतर, आधी टॉर्क सांग. गडबडलाच.
ॲडव्हेंचर गाडीवर बसलो. काय रुबाब! समोर उंच काच, हँडल रुंद. आरशात स्वतःला बघितलं. ऑफिसातले लोक मला या रूपात ओळखणार नाहीत.
नितेश म्हणाला, सर, पाय टेकत नाहीत तुमचे. मी म्हटलं, चवडे टेकतात. म्हणाला, एका बाजूचा टेकतो. त्याला समजावलं, परदेशात सगळे एकाच पायावर उभे राहतात. उतरताना त्याने गाडी धरली. न सांगता धरली, हे मला आवडलं नाही.
जाड सोलचे बूट घ्यायचे.

५ जुलै, शनिवार.
टेस्ट राईड. बूट घालून गेलो. नितेशने लायसन्स मागितलं. दिलं. त्याने बघितलं, उलटं करून बघितलं, मग फार हळू आवाजात म्हणाला, सर, हे विना गिअरचं आहे.
विना गिअरचं! इतकी वर्षं खिशात घेऊन फिरतोय आणि कुणी मला सांगितलं नाही. ट्रॅफिक हवालदाराने दोनदा बघितलंय, तोही काही बोलला नाही. या देशात कुणी नीट वाचतच नाही.
घरी सांगितलं, गाडी टेस्टला अव्हेलेबल नव्हती. ज्ञानेश्वरीने चुलीशेजारी ओले मोजे वाळत घातले होते.

१२ जुलै, शनिवार.
लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या दिली. पास. सगळ्या पाट्या बरोबर ओळखल्या. 'पुढे तीव्र वळण' तर क्षणात.
ज्ञानेश्वरी म्हणाली, माझंही काढून टाका. मी कशाला म्हणून विचारलं. म्हणाली, असू दे. काढून दिलं. पुढेमागे मला ताप वगैरे आला तर हिला गाडी निदान अंगणात घेता यावी.

२० जुलै, रविवार.
उमेरने त्याची जुनी मोटरसायकल शिकायला दिली. उमेर आमच्या शेजारचा, दहा वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून आलाय. त्याची बायको इफ्फत हिच्याच शाळेत आहे. तीही रोज तो चढ चढते. म्हणून उमेरला आमच्या गाडीत माझ्यापेक्षा जास्त इंटरेस्ट. गाडी आली की मी दोन फेऱ्या मारून दोघींना वर सोडायचं, असं त्यानेच सुचवलं. त्याला स्वतःला पाठीच्या ऑपरेशननंतर दुचाकी बंद आहे.
चंपक मैदानावर गेलो. गाडी सतत बंद पडत होती. उमेर म्हणाला, क्लच हळू सोड रे, कोंबडीचं पिल्लू सोडल्यासारखा. मी म्हटलं, क्लच प्लेट गेलेली आहे, मला आवाजावरून कळतं. तो म्हणाला, असेल बाबा.
मग ज्ञानेश्वरी बसली. ओढणी कमरेला बांधून. एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा गचका, तिसऱ्यांदा मैदानाला पूर्ण फेरी आणि दुसरा गिअर. उमेर म्हणाला, वहिनींचा हात बसला. मी खुलासा केला, माझ्यामुळे इंजिन गरम झालं होतं. गार इंजिन कुणालाही दमवतं.

२९ जुलै, मंगळवार.
ज्ञानेश्वरी पडली. चढावरची जवळची वाट म्हणून त्या दोघी पाखाडीने जातात. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर शेवाळ. गुडघा टोपलीएवढा सुजलाय. इफ्फतने आणि गंगुबाई म्हणून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई आहेत त्यांनी धरून खाली आणलं. एसटी निघून गेलेली. तासभर फाट्यावर पावसात बसल्या.
डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे, विश्रांती घ्या. ती म्हणाली, सोमवारी तपासणी आहे, जायला हवं.
मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. आता दिरंगाई नाही. दोन नवे चॅनल सबस्क्राइब केले. एकात फक्त ओल्या रस्त्यावरचे टायर दाखवतात.

१० ऑगस्ट, रविवार.
निर्णय जवळजवळ झाला होता. दोनशे सीसी, मागे मोठं कॅरिअर. तेवढ्यात कळलं की दिवाळीला त्याचं नवं मॉडेल येणार आहे. आता जुनं घेतलं तर दोन महिन्यांत आपण मूर्ख ठरणार. थांबलेलं बरं.
ज्ञानेश्वरीला म्हटलं, थोडा धीर धर, गाडी एकदाच घ्यायची असते. म्हणाली, गुडघेसुद्धा एकदाच मिळतात.
रागाने बोलली नाही. तेच जास्त लागलं. तरीपण घाईत चुकीची गाडी घेतली तर उद्या हीच बोलेल.

१७ ऑगस्ट, रविवार.
आज जे झालं त्यात माझी चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो.
लर्निंगवर टेस्ट राईड मिळाली. नितेश मागे बसला. मारुती मंदिरचा सर्कल मी अप्रतिम घेतला. साळवी स्टॉपच्या अलीकडे चढावर गाड्या थांबल्या, मीही थांबलो. पुढच्या गाड्या सुटल्या. मी क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे एसटीचा हॉर्न. गाडी मागे यायला लागली. मी पाय टाकला. रस्ता जिथे असायला पाहिजे तिथे नव्हता.
हळूच पडली. अगदी सावकाश, म्हैस चिखलात बसते तशी. नितेश उडी मारून आधीच बाजूला झाला होता. दोन रिक्षावाल्यांनी उचलली. एकाने विचारलं, काका, लागलं नाय ना? सत्तेचाळीसाव्या वर्षी काका! तो स्वतः पन्नाशीचा होता.
इंडिकेटर तुटला. नितेश म्हणाला, असू दे सर, होतं. परत जाताना त्याने चालवली. मी मागे बसून निष्कर्ष काढला: गाडी चढावर विश्वासार्ह नाही. बरं झालं, घेण्याआधी कळलं.
घरी कोपराला हळद लावताना ज्ञानेश्वरीने विचारलं, काय झालं? सांगितलं, ब्रेक टेस्ट केले.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
गणपती. घर मुंबईकरांनी भरलंय. मेव्हणा सागर येऊन बसल्याबसल्या म्हणतो, भावोजी, गाडी कुठाय? जूनमध्ये मीच ग्रुपवर टाकलं होतं, गणपतीत सगळ्यांना राईड. त्याला हलकी-जड, सस्पेन्शन, ग्राउंड क्लिअरन्स सगळं समजावलं. आरती सुरू झाली तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.
मोदक वळताना ज्ञानेश्वरी पाट मागवून त्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघा अजून दुमडत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार.
आरटीओत पक्क्या लायसन्सची टेस्ट. आठ काढायचा. माझा आठ वरच्या गोलापर्यंत फर्स्ट क्लास होता. खालच्या गोलात पाय टेकला. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी. मी म्हटलं, जमीन ओली आहे. ते म्हणाले, हो, सगळ्यांनाच ओली आहे.
ज्ञानेश्वरी पास.
येताना उमेरची गाडी तिने चालवली. मी मागे. कुवारबावच्या गर्दीत तिने दोन टेम्पोंच्या मधून अशी काढली की मी डोळे मिटले. नाचणे रोडला वळल्यावर म्हटलं, जरा सावकाश. म्हणाली, वीसवर आहे.
हिचं नशीब चांगलं, सोपा प्रसंग आला. खरा कस घाटात लागतो.

३० सप्टेंबर, मंगळवार.
सर्व बाजूंनी विचार करून अंतिम निर्णय: यंदा गाडी घ्यायची नाही. बाजारात योग्य गाडी उपलब्ध नाही. पुढच्या वर्षी नव्याने पाहू. दसऱ्याच्या गर्दीआधी नितेशला स्वतः जाऊन सांगावं, मुलगा आशेवर असेल.
शोरूममध्ये शिरलो तर नितेशने पेढा दिला आणि म्हणाला, अभिनंदन सर! मी म्हटलं, कशाचं? म्हणाला, मॅडमनी काल बुकिंग केलं ना.
शनिवारी दोघी आल्या होत्या म्हणे. ज्ञानेश्वरी आणि इफ्फत. साधी सव्वाशे सीसी बघितली. तीच, जिच्याजवळून मी तीन महिने नुसता गेलो. हिने बसून बघितलं, पाय टेकतात म्हणाली. दोघी बसून थेट वरचीवाडीच्या चढावर नेऊन आणली. सोमवारी पैसे भरले. रंग कुठला, विचारल्यावर म्हणाली, लाल माती दिसणार नाही असा द्या.
साडेतीन महिन्यांचा अभ्यास माझा. आणि हिने एका शनिवारी!
घरी आल्यावर आवाज चढवला. मला विचारायला नको होतं का? किती गोष्टी बघाव्या लागतात! ती भाजी चिरत होती. सुरी ठेवली आणि म्हणाली, तुम्ही गाडी बघत होतात. मला शाळेत जायचं होतं.
मी वर जाऊन टाकीत पाणी आहे का बघितलं. भरलेली होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
गाडी आली. झेंडूचा हार मी घातला. फोटोत हँडल माझ्या हातात आहे. ग्रुपवर टाकला. सागरने विचारलं, भावोजी, ही तर जड नाही? ग्रुप म्यूट केलाय.
लिंबावरून गाडी ज्ञानेश्वरीने नेली. मागे इफ्फत. उमेर दारात उभा राहून बघत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, चल, आपल्या दोघांचं काम झालं. मला त्या वाक्यातलं 'दोघांचं' पटलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार.
गाडी शहरात चालते हे मान्य. पण घाट? मीच म्हटलं, आंबा घाटात नेऊन बघू, मी मागे बसून निरीक्षण करतो. ज्ञानेश्वरी खुशीत तयार झाली. डबा घेतला.
वर जाताना मी सूचना देत होतो. आता तिसरा. आता हॉर्न. आता उजवीकडे दरी आहे. साखरप्याच्या पुढे तिने हेल्मेटची काच खाली केली. माथ्यावर डबा खाल्ला, परत निघालो. उतारावर एका वळणाला ढग खाली होते, सगळं खोरं हिरवंगार. म्हटलं, थांब, फोटो काढतो. थांबली. मी उतरलो. चार पावलं कठड्याकडे गेलो, मोबाईल काढला, आणि मागे गिअर पडल्याचा आवाज आला.
वळलो तर गाडी चाललेली.
हाक मारली. हात केले. पळालोसुद्धा, एका वळणापर्यंत. हेल्मेटमध्ये काय ऐकू जाणार! खालच्या वळणावर एकदा दिसली. त्याच्या खालच्या वळणावर आणखी लहान दिसली. गिअर मात्र बरोबर बदलत होती, आवाज स्पष्ट येत होता.
मोबाईलला रेंज नाही. कठड्यावर माकडं. त्यातलं एक बराच वेळ माझ्याकडे बघत होतं.
कोल्हापूरहून एसटी आली. मधेच थांबवली म्हणून ड्रायव्हर वैतागला. कंडक्टरने विचारलं, कुठे? म्हटलं, बायको पुढे गेलीय, दिसली की उतरतो. म्हणाला, भांडण झालं काय? आख्खी एसटी मागे वळून बघायला लागली. मी साखरप्याचं तिकीट मागितलं.
साखरपा स्टँडसमोर गाडी उभी. टपरीच्या बाकावर ज्ञानेश्वरी, पुढ्यात दोन चहा. एसटीतून उतरताना मला बघितलं आणि उभीच राहिली. तोंडावर हात. वळणावर ती खोऱ्याकडे बघत होती, गाडी जरा हलली तशी मी परत बसलो असंच तिला वाटलं; इथे पोचून दोन चहा सांगेपर्यंत तिला पत्ताच नव्हता. नंतर फोनवर फोन केले, लागेना. परत वर यायला निघणार, इतक्यात एसटी आली. डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं. मग हसायला लागली ती थांबेना.
मी म्हटलं, एवढा घाट उतरलीस, मागे माणूस नाही हे कळत नाही?
म्हणाली, अहो, मी तुमच्याशी बोलत होते. सगळा घाटभर. गाडी कशी वाटली, विचारलं. वळणं बरी घेते ना, विचारलं. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, चला, एकदाची आवडली.
चहावर साय धरली होती. बोटाने काढली आणि प्यालो.
म्हटलं, बरी घेतेस वळणं.