एका टाकीत दोन एंजल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (कंबर साथ देते तितकंच वाकून) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढताना मध्ये टेकतेस ना? आम्ही दोघं बरे आहोत. मासेही बरे आहेत, आणि उत्तराला उशीर झाला तो त्यांच्यापायीच.

तू विचारलं होतंस, की भाड्याची जागा सोडून कायमची आमच्याकडे आलीस तर तुझं नि तुझ्या भावजयीचं पटेल का. मागच्या खेपेला खिडकी उघडी की बंद यावरून तुम्हा दोघींचं जे वाजलं, ते आठवून तू बॅग भरायला कचरतेस, हे मला समजतं. तुझा प्रश्न डोक्यात घेऊन मी विचार करायला माशांच्या टाकीसमोर बसलो, आणि (तू मला ओळखतेसच) तिथेच रमलो.

आयुष्यभर मी लिफ्ट दुरुस्त केल्या. काळोख्या खड्ड्यात उभं राहून वर-खाली जाणाऱ्या वस्तूंकडे बघत पोट भरलं, त्यामुळे निवृत्तीनंतर कुणीतरी सावकाश आडवं जाताना बघावं एवढीच हौस उरली होती. म्हणून ही खाऱ्या पाण्याची टाकी. दुपारी पडदे ओढून तिचा दिवा लावला की छतावर पाणी हलायला लागतं, भिंती निळ्या होतात, आणि आपण खुर्चीत बसलोय की तरंगतोय तेच कळेनासं होतं. (तुझी भावजय याला डुलकी म्हणते.)

पहिला आणला तो लाल एंजल मासा, बोटभर, निखाऱ्यासारखा. एकटा होता तोवर इतका गुणी, की मला वाटलं याला सोबत हवी. दुकानदाराने बजावलं होतं, की एंजल आणायचे तर अंगापिंडाने वेगळे आणा, आणि भित्रा आधी सोडा, दांडगा मागून. कारण जो आधी येतो तो सगळ्या दगडांचा मालक होऊन बसतो. मी मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. मागून आणला तो निळा, लाजाळू, आणि अंगापिंडाने लालचा सख्खा भाऊ शोभेल असा. (नाव देवदूताचं, स्वभाव भाऊबंदकीचा.) लालने त्याला असं पिटाळलं, की बिचारा पंपाच्या नळीमागे तोंड खुपसून उभा राहिला. खायलाही येईना. मला बघवेना.

दुकानदार म्हणाला, टाकीला बाहेरून आरसा लावा, मालक स्वतःशीच भांडत बसेल. मी तुझ्या भावजयीचा आरसा लावला. लालला तोडीस तोड शत्रू मिळाला आणि निळा निवांत जेवू लागला. तुझी भावजय मात्र डब्याच्या झाकणात बघून भांग पाडू लागली. तो भांग कुठल्या कुठे जायचा, शेजारणीने तर काळजीने चौकशीही केली.

पण आरशाने भांडण मिटत नाही, नुसतं तोंड फिरवतं. खरा इलाज वेगळाच: सगळे दगड उचलायचे आणि नव्याने रचायचे. मग कुणालाच आपली जागा ओळखू येत नाही, दोघेही पाहुणे होतात. मी रचले. पाणी दुधाळ झालं, आणि हळूहळू निवळलं तेव्हा लाल डाव्या कपारीत होता, निळा उजव्या. आता येताजाता एकमेकांना ओलांडतात, बस्स. ताई, माझे डोळे भरून आले गं.

आणि त्याच भरात तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं! तुझी भावजय बाजारात गेली होती. मी कपाट फिरवलं, पलंग दाराशी ओढला, स्वयंपाकघरातले खालचे डबे वर आणि वरचे भलतीकडे नेले. या घरात आता कुणाचं काही जुनं उरलं नाही, तुम्ही दोघी नव्याने सुरुवात करा. ती परत आली, पलंगाला ठेचकाळली, मग बराच वेळ चहाची पावडर शोधत राहिली. (ती टाकीच्या मिठाशेजारी होती.) मी सगळी योजना समजावून सांगितली. ती एक शब्दही बोलली नाही. मी तो होकार समजलो.

तेव्हा बेधडक ये. भाऊजी गेल्यापासून तू तिथे वरती एकटी बसतेस, हे मला टाकीसमोर बसूनही विसरता येत नाही. मला तू इथे हवी आहेस.

तुझा,
तरंगणारा धाकटा

ता. क. टाकी आहे ती खोली म्हणजे तुझीच खोली. आता टाकी हलवता येत नाही, हलवली तर दोघे पुन्हा जुंपतील. तुला निळ्या उजेडात झोप लागते का, तेवढं कळव. दुपारी मी तिथे खुर्चीत असेन, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस.

आणखी एक ता. क. वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कपाट मी होतं तिथे सरकवलंय. मी बोलले नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. हे दिवसभर काचेपुढे असतात, आणि बोललेच तर निळ्याशी बोलतात. आपलं पटेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाहीच पटणार. पण तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी धड भांडलंसुद्धा नाही. लवकर या.