दोन टोपणं

आबा, आज दुपारी एका गिऱ्हाइकानं टोपण लावायला चक्क नकार दिला. नवी कोरी मोटरसायकल, डोळ्यांवर काळा चष्मा. हवा भरून झाल्यावर मी नेहमीसारखं वॉलचं टोपण त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, अंगठ्यानं टायर दाबून बघा, मग लावा. तो म्हणाला, हे तुमचं काम आहे, काका. त्याचं काही चुकलं नाही. धुळ्यात आग्रा रोडवर टायरची इतकी दुकानं आहेत, पण हा तऱ्हेवाईकपणा फक्त आपल्याकडे चालतो. तुमचा नियमच तसा होता: "ज्यानी गाडी, त्यानी टोपण लावानं." हवा भरणार आपण, पण ती पसंत करणार गाडीवाला, आणि एकदा त्यानं टोपण लावलं की तक्रार संपली. मी मात्र टोपण लावूनही तीस वर्षं तक्रार करत आलो, तीही माझ्या बापाविरुद्ध, तुमच्याविरुद्ध.

जळगावच्या मैदानावरची ती मोटरसायकलींची मातीतली शर्यत आठवते ना? मी चोवीस वर्षांचा होतो आणि दुकानाला विटलो होतो. सकाळी शटर वर करायचं, लिव्हर घालून रिमवरचे टायर सोलायचे, संध्याकाळपर्यंत नखांत काजळी. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी घासाला रबराचा वास यायचा. पुण्याच्या एका कारखान्याचे साहेब त्या शर्यतीला येणार होते आणि पहिल्या दोघांना नव्या गाड्या चालवून तपासायच्या कामावर घेणार होते. मला बक्षीसबिक्षीस काही नको होतं. मला फक्त या शटरच्या बाहेर पडायचं होतं.

टायर तुम्हीच निवडलात. मी उंच बटनांचा, म्हणजे उंच रबरी गुट्ट्यांचा, चिखलात चालणारा टायर आणला होता, दिसायला मोठा रुबाबदार. तुम्ही तो हातात फिरवलात आणि बाजूला ठेवून दिलात. उन्हानं भाजलेली काळी माती खाली दगडासारखी असते, वर नुसता फुफाटा. तिथं उंच बटनं वाकतात आणि वळणावर गाडी डुलते, असं म्हणालात. मग आखूड बटनांचा, मऊ रबराचा जोड शोधलात आणि दोन दिवस ओट्यावर बसून पात्यानं एकेका बटनाची कड तासलीत. मी घाईत पुढचा टायर उलटा चढवला, फिरण्याच्या दिशेचा बाण मागे करून. तुम्ही तो पुन्हा काढायला लावलात. "टायरले घाई चालत नही," एवढंच बोललात. हवेचं गणितही तुमचंच: पुढे सोळा पौंड, मागे चौदा. मातीत टायर दबला पाहिजे, दबला तरच तो जमीन धरतो.

आणि शर्यतीच्या सकाळी काय झालं? मी छातीवर लावायचा नंबर घेऊन परत येतो, तर तुम्ही पंप बाजूला ठेवून गाडीपाशी उभे. तळहातावर दोन टोपणं. मी मागचा टायर दाबतो. टणक. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला भरतात तेवढी हवा. पुढचाही तसाच. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, मैदानाच्या दोरीकडे बघता.

दुसऱ्याच फेरीत वळणावर मागचं चाक निसटलं. कोपरं सोलली, गाडी आडवी पडली आणि बाकीचे धूळ उडवत पुढे गेले. मी उठून सरळ तुमच्याकडे आलो आणि चार लोकांदेखत म्हणालो, "तुम्ही मला मुद्दाम अडकवलंत. तुम्हाला दुकानाला माणूस पाहिजे होता." तुम्ही पंपाची नळी गुंडाळत राहिलात. परतताना टेम्पो पारोळ्याला थांबला तेव्हा विचारलंत, "चहा पिशी का?" मी टेम्पोतून उतरलोच नाही.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात. मी हे गाऱ्हाणं बायकोला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, दुकानात टेकलेल्या ट्रक ड्रायव्हरांनाही सांगितलं. शेवटच्या आजारपणात तुम्ही दुकानात खुर्ची टाकून बसायचात. एकदा काही बोलायला तोंड उघडलंत तेव्हा मी उठून कॉम्प्रेसर चालू केला. त्याची मला लाज वाटते.

हवा जास्त का भरलीत, मला आजही माहीत नाही. कमी हवेत ट्यूब रिमखाली चेपते, त्याची भीती वाटली असेल. किंवा खरंच मला जाऊ द्यायचं नसेल. पण माझं मला माहीत आहे. त्या सकाळी दोरीपलीकडे ते साहेब दिसले आणि पहिल्यांदा कळलं: जिंकलो तर उद्या खरंच जावं लागेल. पुण्यात एकट्यानं खोली, शुद्ध बोलणारी माणसं, आणि तिथं मी फुसका निघालो तर दोष कुणाला देणार? इथं हरलो तर दोष हवेचा. मी तुमच्या हातावरची दोन्ही टोपणं उचलली आणि घट्ट पिळून लावली. तुम्ही ते पाहिलंत. नंतर मी चारचौघांत ओरडत होतो तेव्हा "टोपण कोन्ही लावं?" एवढं जरी विचारलं असतंत, तरी माझी वाचा बसली असती. तुम्ही कधीच विचारलं नाहीत.

आजच्या गिऱ्हाइकाचं टोपण शेवटी मीच लावलं. हा कागद घडी करून तुमच्या हवा मोजायच्या जुन्या गेजच्या डब्यात ठेवतो आहे. त्या सकाळी वॉलची पिन नखानं दाबून जास्तीची हवा सोडायची, गेज लावून बघायचं, मिनिटभराचं काम होतं. हे गेज तेव्हा माझ्या खिशात होतं, आबा.