पेटीची खोळ

जयपूर, १२ डिसेंबर १९६१

तीर्थरूप आईस, श्रीपादचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. थंडी फार आहे, पण तू विणलेला स्वेटर अंगातच असतो. तुझा खोकला थांबला का?

तुझं कार्ड मिळालं. मी 'पेटी घेतली' असं कळवल्यावर तू लगेच तिला खोळ शिवायला घेतलीस, हे वाचून जेवण गेलं नाही.

आई, तुझ्या भजनासाठीच दुकानात गेलो होतो. "पेटी दिखाइए" म्हणालो. इकडे हार्मोनियमला बाजा म्हणतात, पेटी म्हणजे नुसतं खोकं. दुकानदाराने एक लांबोडकं खोकं पुढे केलं. आत जुनी, स्वस्तातली गिटार होती. भिंतीवरच्या चकचकीत गिटारी बद्द वाजत होत्या, हिची तार छेडली तर सूर छातीत घुमत राहिला. 'हार्मोनियम' हा शब्द तेव्हा मला आठवत होता. मी उच्चारला नाही.

तुझ्या पेटीचा फाटका भाता तू अजून चिकटवून वाजवतेस ना?

खोळ उसवू नकोस. तिच्या मापाची पेटी मी आणीन. तोवर गिटार वाजवतो, पण दार लावून.

तुझाच,
श्रीपाद